भिंगरीला कारण सापडेना

तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी म्हणे ती स्वतःभोवती गरगर फिरायची, चक्कर येऊन पडायची आणि उठून पुन्हा फिरायची. त्या दिवसांतलं ते नाव. त्यानंतर मात्र बाईसाहेबांचं फिरणं जे थांबलं ते थांबलंच. आता वय सव्वीस, आणि फिरण्याची हद्द म्हणाल तर घर, बसस्टॉप, ऑफिस, बसस्टॉप, घर. शाळा गल्लीत होती, कॉलेज दोन चौक पलीकडे, आणि नोकरी बसच्या एका सरळ रेषेवर. नातेवाईक म्हणावेत तर झाडून सगळे हाकेच्या अंतरावर. त्यामुळे त्यांच्याकडेही कधी मुक्काम नाही, जेवायचं आणि झोपायला आपल्या घरी यायचं. परक्या छताखाली तिची एकही सकाळ उजाडलेली नव्हती. आणि अशा या मुलीची नोकरी काय असावी? दिवसभर फोन करून लोकांना विचारायचं, ‘तुम्हाला प्रवासाला जावंसं का वाटतं?’

सर्व्हे करणारी ती एक लहानशी कंपनी होती. एक लांबट खोली, तिच्यात पुठ्ठ्याचे आडोसे घालून पाडलेले कप्पे, आणि दर कप्प्यात एक कॉम्प्युटर, एक हेडफोन, एक मुलगी. हेडफोनच्या कानाला लावायचा स्पंज मात्र जिचा तिने घरून आणायचा. कुठल्याशा ट्रॅव्हल कंपनीला जाणून घ्यायचं होतं की आजकालची तरुण भारतीय मंडळी उठसूट बॅगा भरून निघतात ती नेमकी कशासाठी. तेव्हा भिंगरी आणि तिच्या मैत्रिणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तरुण मंडळींना फोन लावत बसायच्या.

त्यांच्या सुपरवायझरला पोरी पाठीमागे बोका म्हणायच्या, कारण चालू फोनवर तो कधी येऊन कान लावून बसला हे कुणाला कळायचं नाही. बोक्याचे नियम कडक. समोरच्याला उत्तर सुचवायचं नाही. हसायचं तर अजिबात नाही. आणि एका उत्तरावर फोन सोडायचा नाही. ‘आणखी काही?’ असं गोड आवाजात तीनदा विचारायचं, आणि विचारून गप्प बसायचं. मधली शांतता मोडायची नाही, मग ती कितीही अवघड होवो. भिंगरीला सुरुवातीला हा चावटपणा वाटला. पण महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की बोका काही उगाच बोका नव्हता. पहिल्यांदा माणूस पाठ केलेलं बोलतो, दुसऱ्यांदा वेळ मारून नेतो, आणि तिसऱ्यांदा थकून खरं सांगतो.

एक पोरगा म्हणाला, “मनःशांती.” आणखी काही? “निसर्ग. म्हणजे झाडं वगैरे.” आणखी काही? मग बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज. आणि मग हळूच, “माझा मावसभाऊ जाऊन आला ना हो! तेव्हापासून रोज तेच ऐकवतोय. आता मी जाणार आणि त्याला ऐकवणार.”

एका मुलीला आधी वेगळी संस्कृती बघायची होती, मग वेगवेगळे पदार्थ खायचे होते, आणि तिसऱ्या ‘आणखी काही?’ला ती म्हणाली, “तिथे मी अंघोळीला गेल्यावर बाथरूमचं दार कुणी वाजवत नाही.” एका नवीन लग्न झालेल्या माणसाने तर कमालच केली. बायकोबरोबर निवांत वेळ घालवायचा, वगैरे वगैरे सांगून झाल्यावर म्हणाला, “खरं सांगू का? भांडायचंय. मोकळेपणाने. घरी आईवडील असतात, कुजबुजत भांडावं लागतं. त्यात काही राम नाही.” भिंगरीने ओठ दातांखाली धरले, तेव्हा कुठे नोकरी वाचली.

असे किस्से ती रोज घरी जाऊन सांगायची आणि जेवताना नुसता हशा पिकायचा. घरात चौघं. आई घरीच लोकांचे कपडे आल्टर करून द्यायची. कमरेत सैल, बाहीत घट्ट, अशी सगळ्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ होती. बाबा एका चष्म्याच्या दुकानात काऊंटरवर होते. आणि बाबांची बहीण, म्हणजे आत्या, शाळेत चित्रकला शिकवून नुकतीच रिटायर झालेली. तिला आता घराशिवाय सुधारायला काही उरलेलं नव्हतं. तिघांनाही ती बोक्याची युक्ती भारी आवडली होती. बाबा तर चष्मा घ्यायला आलेल्यांवरही ती वापरून बघायचे. “दूरचं दिसत नाही. बरं, आणखी काही?” असं तीनदा विचारल्यावर एका गृहस्थांनी चष्म्याचं सोडून सुनेबद्दलच बोलायला सुरुवात केली होती.

तर अशात एक दिवस शेजारच्या कप्प्यातल्या उंच मैत्रिणीने डबा खाताना जाहीर केलं की ती आणि तिची एक बुटकी मैत्रीण अशा दोघी फिरायला चालल्यात. दूर डोंगरात एक गाव आहे, तिथे मोठं तळं आहे, तळ्याकाठी राहायची सोय आहे. पाच दिवस. खोलीत तीन पलंग आहेत, तर भिंगरी येते का?

भिंगरीने हातातला घास परत डब्यात ठेवला. आनंदाने का भीतीने, हे तिचं तिलाच कळेना.

“शुक्रवारपर्यंत सांग,” मैत्रीण म्हणाली, “नाहीतर रिसेप्शनवाली टपूनच बसलीये.”

आता तुम्हाला वाटेल, घरचे जुन्या वळणाचे, मुलीला पाठवायचे नाहीत. छे, छे! तसं असतं तर किती सोपं झालं असतं! नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, दार आपटता आलं असतं. पण या घरात कुणी कधी नाही म्हणायचंच नाही. ते फक्त विचारायचे, का? आणि का ते कळलं की म्हणायचे, अगं एवढंच ना, मग ते इथेच करू की! त्या घरातून माणूस बाहेर पडायचा तो कुणाच्या लग्नाला, नाहीतर कुणाच्या आजारपणाला, नाहीतर परीक्षेला. काही कारण नसताना नुसतं जाऊन यायचं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरायची नाही. त्यात वाईट हेतू बिलकूल नव्हता. आणि म्हणूनच त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालायची नाही.

सोमवारी जेवताना भिंगरीने विषय काढला. “मला पाच दिवस फिरायला जायचंय.”

“अरे वा!” बाबा म्हणाले. “का?”

भिंगरीकडे कारणांचा काय तुटवडा? दिवसभर तोच तर धंदा. तिने सगळ्यात खपाऊ कारण उचललं. “मनःशांतीसाठी.”

आईचा हात थबकला. “म्हणजे? घरात आम्ही काय ढोल बडवतो?”

“तसं नाही गं आई...”

“नाही, बरोबर आहे तिचं,” आत्या म्हणाली. “आवाज होतो आपल्याकडे. मी कधीची म्हणतेय.” हे आत्याने इतक्या जोरात सांगितलं की समोरच्या घरातला कुत्रा भुंकला.

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात शांतता लागू झाली. टीव्हीवर बातमीदार नुसतेच तोंड हलवायला लागले. आत्याच्या सकाळच्या गुळण्या, ज्या ऐकून गल्लीतले लोक घड्याळं लावायचे, त्या तिने तोंडावर टॉवेल धरून केल्या. आईने शिलाई मशीन पाय न लावता, चाक हाताने फिरवून चालवलं. बाबा चवड्यांवर चालता चालता टेबलाच्या पायावर ठेचकाळले आणि बिचारे आवाज न करता ओरडले. ते दृश्य भिंगरीला आयुष्यभर विसरता येणार नाही. संध्याकाळी ती ऑफिसातून आली तर दार उघडायच्या आधी घरातून कसलाच आवाज येईना. कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, या धास्तीने तिचा जीव अर्धा झाला. आत तिघंही ओळीने बसून तिच्याकडे बघत होती.

“मिळाली का?” बाबांनी कुजबुजत विचारलं.

“काय?”

“शांती.”

भिंगरीने कपाळाला हात लावला. “बाबा, फक्त शांतीचं नाही हो. निसर्ग! निसर्गात राहायचंय मला.”

बुधवारी ती घरी आली तेव्हा तिचा पलंग खिडकीला चिकटून लावलेला होता, कारण खिडकीतून समोरच्या कंपाऊंडमधलं झाड दिसायचं. आत्याने गच्चीतल्या सगळ्या कुंड्या तिच्या खोलीत आणून मांडल्या होत्या. टेबलावर मनीप्लांट, कपाटावर फर्न, आणि ज्या खुर्चीवर ती कपडे टाकायची तिथे एक भलंमोठं कोरफडीचं झाड, त्यामुळे कपडे टाकायचीही चोरी. उशीवरून मुंग्यांची रांग शिस्तीत चाललेली. भिंगरीने मुंग्यांकडे बोट दाखवलं तर आत्या कौतुकाने म्हणाली, “बघ, आल्या की नाही? यालाच तर निसर्ग म्हणतात.”

आता भिंगरी इरेला पेटली. “मला नवी माणसं भेटायला हवीत,” तिने सांगून टाकलं. “नवी, अनोळखी. त्याच त्याच लोकांचा कंटाळा आलाय.”

हे बोलताना तिने विचार करायला हवा होता. कारण गुरुवारी बाबा दुकानातून येताना एका अनोळखी गृहस्थांना सोबत घेऊनच आले. साठी उलटलेले, त्याच दिवशी नवा चष्मा लागलेला, आणि आपल्याला चहाला का आणलंय याचा त्यांना काडीचा पत्ता नव्हता. बाबांनी त्यांना भिंगरीसमोर बसवलं आणि अभिमानाने म्हणाले, “घे. अगदी नवीन आहेत. मीसुद्धा आजच पाहिले.” ते गृहस्थ नव्या चष्म्यातून भिंगरीकडे बघत बसले, भिंगरी त्यांच्याकडे. शेवटी काही सुचेना म्हणून तिने विचारलं, तुम्हाला प्रवास आवडतो का? “नाही,” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी आपल्या मोतीबिंदूची हकीकत सुरू केली. ती एका डोळ्याची संपेपर्यंत जेवायची वेळ झाली, आणि अजून दुसरा डोळा बाकी होता.

गृहस्थांना पोचवून बाबा परत आले तर भिंगरी पलंगावर फर्नखाली उशीत तोंड खुपसून पडलेली. उद्या शुक्रवार. उद्या जर हो म्हटलं नाही, तर तिसरा पलंग रिसेप्शनवालीचा. आणि तिला लख्ख दिसत होतं की पलंग या वेळचा गेला तर प्रश्न पलंगाचा नाही. पुढच्या वेळी तिला कुणी विचारणारच नाही. ही आपली बसस्टॉपवाली, असंच सगळे म्हणणार. आणि ती बस पकडत राहणार, सरळ रेषेत, केस पिकेपर्यंत.

तिने शेवटचा बाण सोडला. उठून बाहेर आली आणि म्हणाली, “मला स्वतःचा शोध घ्यायचाय.”

“अगं बाई,” आत्या म्हणाली. “हरवलीस कधी?”

“एकदा हरवली होती ना,” बाबा लगेच म्हणाले. “बाजारात. पाच वर्षांची होती. मिठाईच्या दुकानात बसून खात होती, त्या दुकानदाराने आणून दिली.”

“अय्या हो! आणि तो सांगत होता, जायला तयारच नव्हती...”

हसायला लागले की हो दोघं! भिंगरीचे डोळे भरून आले. रागाने म्हणा, लाजेने म्हणा.

आई मात्र हसली नाही. ती मशीनवर कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत बसली होती. तिने कात्री खाली ठेवली, समोरचं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि म्हणाली, “बस इथे.”

भिंगरी बसली. आईने घसा साफ केला, आणि एकदम तिचा आवाज असा काही गोड झाला की बाबा आणि आत्या चकित होऊन बघतच राहिले. ऑफिसात रोज भिंगरी काढायची ना, हुबेहूब तो आवाज. “नमस्कार. तुम्हाला प्रवासाला जावंसं का वाटतं?”

“आई, चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही. सांग.”

भिंगरीने नाक पुसलं. “बदल हवा म्हणून.”

“आणखी काही?”

“सगळ्या मैत्रिणी कुठे ना कुठे जाऊन आल्यात. सोमवारी ऑफिसात त्या बोलतात, आणि मी नुसती ऐकते. मला बोलायला काहीच नसतं.”

“बरं. आणखी काही?”

आणि आई गप्प बसली. बोक्याने शिकवलं असतं तरी इतकी पक्की गप्प बसली नसती. बाबा काहीतरी बोलायला गेले, तर तिने त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं. भिंगरी आईच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, आता काही सांगण्यासारखं उरलेलंच नाही. आणि तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, “मला तुमची कधी आठवणच आलेली नाही.”

“ऐका!” आत्या म्हणाली. “पोरीसाठी घरात जंगल केलं, आणि ही म्हणते आठवण येत नाही.”

“तसं नाही गं आत्या!” भिंगरी उसळली आणि मग मात्र तिचा बांध फुटला. “आमच्या फोनवर शेवटचा एक प्रश्न असतो. घरापासून लांब असताना सर्वांत जास्त आठवण कशाची आली? तिथे ना लोकांचा आवाजच बदलतो. तोवर शायनिंग मारणारे पोरगे एकदम मऊ होतात. कुणी म्हणतं, आईच्या हातच्या जेवणाची. कुणी म्हणतं, बाबांच्या घोरण्याची. एक मुलगी तर म्हणाली, आमच्या गळक्या नळाची. आणि रडायला लागली! नळासाठी! मी रोज हे सगळं टाईप करते. आणि मला कुणी विचारलं तर? माझ्याकडे उत्तरच नाही. तुम्ही मला इतके आवडता, पण तुम्ही सारखे समोरच असता. मला तुमची आठवण यायला हवीये. एकदा तरी. ती इथे बसून कशी येणार, तुम्हीच सांगा.”

हे इथेच करू की, असं म्हणायला बाबांनी सवयीने तोंड उघडलं होतं. ते त्यांनी तसंच मिटून घेतलं. हे काही इथे करता येण्यासारखं नव्हतं.

आई बराच वेळ त्या पँटच्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग तिच्या नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, “आणि नाही आली तर?”

भिंगरीने याचा विचारच केला नव्हता. “येईल गं.”

“पण नाही आली तर?”

“तर... तसं तुला सांगेन.”

“खरं सांगशील?”

“खरं सांगेन.”

“जा मग,” आई म्हणाली आणि तिने मशीन पायाने चालवायला घेतलं.

एकदा कारण पटल्यावर मग काय विचारता, घर जोमाने कामाला लागलं. आठवण यायची तर ती निर्भेळ आली पाहिजे, असं आत्याने ठरवलं. म्हणून कुणी फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, फोटो मागायचे नाहीत. बाबांनी पोचल्याचा तरी एक फोन असू दे म्हणून खूप गयावया केली. शेवटी पोचल्यावर फक्त ‘पोचले’ एवढं लिहायचं, यावर तडजोड झाली. निघायच्या दिवशी तिघंही बसपर्यंत आली. आत्या खिडकीपाशी येऊन म्हणाली, “मन लावून आठवण काढ हो,” जणू काही भिंगरी परीक्षेलाच बसायला निघाली होती. बस सुटल्यावर भिंगरीने मागे वळून पाहिलं, तर आई हात हलवायचं विसरून नुसतीच उभी होती.

आणि आता खरी पंचाईत सांगतो. भिंगरीला आठवण येईचना!

तळं सुरेख होतं. पाणी असं नितळ की तळातले गोटे दिसायचे. खोलीत तीन पलंग होते आणि खिडकीबाहेर पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. पहिल्या सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन पार पायांपर्यंत आलं होतं, आणि जगात एकाही माणसाने तिला ऊठ म्हटलेलं नव्हतं. ती तशीच पडून राहिली. मग तिने उभ्या उभ्या, सिंकशी, पाव खाल्ला. बशी घे, असं कुणी म्हणालं नाही. ओल्या केसांनी बाहेर गेली. भलत्याच रस्त्याला लागली, चुकली, आणि चुकल्याचं कुणाला सांगावं लागलं नाही म्हणून तिला इतका आनंद झाला की ती मुद्दाम आणखी एकदा चुकली.

बुटकी मैत्रीण तर बस हलल्यापासूनच आपल्या मांजरीच्या आठवणीने मुसमुसत होती. उंच मैत्रीण दिवसातून चारदा घरी फोन करून भावाशी भांडायची आणि वर म्हणायची, त्याच्याशिवाय करमत नाही मेल्याशिवाय. दोघी रोज संध्याकाळी भिंगरीला विचारायच्या, “आली?” भिंगरी मान हलवायची. नाही.

तिने काय कमी प्रयत्न केले? पायऱ्यांवर बसून डोळे मिटून आईचा चेहरा आठवायची. चेहरा यायचाही, पण त्याच्यामागोमाग आठवण यायला हवी, ती यायची नाही. बाबांचं ठेचकाळणं आठवलं तर हसूच फुटायचं. एकदा तिने ठरवून उदास व्हायचा प्रयत्न केला. तेवढ्यात पाण्यात एक बदक शेपूट वर करून उलटं झालं आणि तिचं उदास व्हायचं राहूनच गेलं.

दिवस उलटत गेले तशी तिला आतून भीती वाटायला लागली. मजा येत होती, अगदी मनापासून मजा येत होती, आणि तेच तर भयंकर होतं. आपण दगड आहोत का? एखादीला गळक्या नळाची आठवण येते, आणि आपल्याला सख्ख्या आईची नाही? सव्वीस वर्षं तिघांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. नुसतं निसर्ग म्हटलं तर कोरफड आणून खुर्चीवर बसवली. आणि आपण इथे पाव खात उंडारतोय. ‘नाही आली तर?’ असं आईने का विचारलं ते आता तिला कळलं. आई तेव्हा मशीनवर वाकून यालाच घाबरली असणार. आणि खरं सांगेन, असं आपण तिला कबूल करून बसलोय.

परतायच्या आदल्या दुपारी तिला राहवेना. दोघी मैत्रिणी झोपल्या होत्या. ती पायऱ्यांवर जाऊन बसली आणि तिने फोन लावला. पुरती एक रिंगही वाजली नाही.

“आली?” हा आईचा आवाज.

मागून बाबा ओरडले, “आली का? आली का?” त्यांच्यामागून आत्या, “कुणाची जास्त आली विचार!”

हो म्हणणं किती सोपं होतं! एक अक्षर, आणि तिघांना दिवाळी झाली असती. “आई,” ती म्हणाली, “नाही गं.”

मग आई तिकडे कुणाला तरी म्हणाली, “अहो, गच्चीतले कपडे काढून आणा. दोघंही जा.” पावलं दूर गेली. दार लागल्याचा आवाज आला.

“बिलकूल नाही?” आईने विचारलं.

“बिलकूल नाही. मी खूप प्रयत्न केला. मला इथे इतकं छान वाटतंय ना आई, मला माझीच लाज वाटते. माझ्यात काहीतरी कमी आहे का गं?”

आई हसली. भिंगरीला वाटलं, रडतेय की काय. पण नाही, ती हसतच होती, हळू, नाकातल्या नाकात.

“ऐक,” आई म्हणाली. “मी लग्न करून या घरात आले ना, तेव्हा माझी आई रोज निरोप पाठवायची. आमची आठवण येते का, विचारा म्हणून. मी म्हणायची, येते. रोज येते. पाणी येतं डोळ्याला.” ती थांबली. “खोटं होतं गं. मला कुणाची आठवण येत नव्हती. स्वतःचं कपाट मिळालं होतं मला, आयुष्यात पहिल्यांदा. सहा भावंडांत वाढलेली मी. मी दुपारी कपाट उघडून त्याच्यासमोर नुसती बसायची. इतकी खूश होते! आणि मनात घाबरलेली. म्हटलं, मी राक्षसीण आहे. हे मी तुझ्या बाबांना सांगितलं नाही, आत्याला नाही, आणि माझ्या आईला तर नाहीच नाही. ती बिचारी जाईपर्यंत तिला वाटत होतं, पोरगी झुरून झुरून अर्धी झाली. तू मला खरं सांगितलंस. मला नाही जमलं ते.”

भिंगरीने हे कधीच ऐकलं नव्हतं. ज्या आईला ती रोज मशीनवर वाकलेली बघत आली, ती कुणी एक मुलगी होती आणि कपाटासमोर बसून खूश व्हायची, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला ती मुलगी बघावीशी वाटली. निदान ही आई तरी, आत्ता, या मिनिटाला. दोऱ्याची तुसं चिकटलेली तिची साडी, फोन खांद्यात धरताना वाकडी होणारी तिची मान. आई कानाशी बोलत होती, अगदी स्पष्ट, आणि ती इथे नव्हती. भिंगरीच्या छातीत काहीतरी असं जोरात ओढलं गेलं की तिने दुसऱ्या हाताने पायरीची कड धरली.

“आई,” ती कशीबशी म्हणाली. “थांब. आली.”

“काय?”

“तुझी आठवण. आत्ता आली.”

“अगं, मी बोलतेय ना तुझ्याशी.”

“तरी आली,” भिंगरी म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

आईने तिला रडू दिलं. किती वेळ, कोण जाणे. मध्ये एकदा आईनेही नाक ओढल्याचं भिंगरीला ऐकू आलं. मग दार उघडलं, कपड्यांचा ढीग घेऊन दोघं आत आली असावीत, कारण आत्याने मोठ्यांदा विचारलं, “काय म्हणते? आली का नाही?”

“नाही,” आई त्यांना म्हणाली. “अजून दोन दिवस राहायला लागेल म्हणतेय.”